उभी अंडी, आडवी अंडी

खोगीररावांनी बायकोच्या सख्ख्या भावाचा काटा काढायला गावाच्या पाण्यात किडे सोडले, अशी कुजबुज एके काळी घरोघर होती. कुजबुज आपली म्हणायची. न्हाव्याच्या दुकानात ती चांगली खणखणीत आवाजात चालायची. खुद्द खोगीरराव दाढीला आले की मात्र सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचे. काहींच्या मते त्यांनी किडे औषधाच्या बाटलीतून नेले, काहींच्या मते जेवणाच्या डब्यातून. डब्याला किती कप्पे होते आणि किडे कितव्या कप्प्यात होते, इथपर्यंत माहिती असलेले दोघेजण तर माझ्याच ओळखीचे. दोघांचा कप्पा वेगवेगळा निघाला आणि त्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं.

आधी माणूस कोण ते सांगतो. पाणीपुरवठा खात्यात लॅब असिस्टंट. लॅब म्हणजे पंपघराला चिकटलेली एक खोली, एक खिडकी, एक टेबल, एक मोरी. टेबलावर मायक्रोस्कोप, त्याच्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, शिवलेला निळा अभ्रा. पंप चालू असला की खोली थरथरायची, खोलीबरोबर टेबल, टेबलाबरोबर मायक्रोस्कोप, आणि काचेखालचा जीव थंडीतापात असल्यासारखा दिसायचा. पंप विश्रांती घ्यायचा रोज अकरा ते साडेअकरा. खोगीररावांनी एकतीस वर्षांत जे काय पाहिलं ते या अर्ध्या तासात. बाकीचा वेळ ते काचपट्ट्या पुसत आणि घड्याळाकडे बघत बसत. बोलायला म्हणाल तर माणूस दगड. उगाच एक शब्द जादा खर्च करणार नाही.

खोगीरराव हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाही. त्यांचा जीव होता पाणपिसवांवर. पाणपिसू म्हणजे मोहरीएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा, पाण्यात टुणटुण उड्या मारणारा प्राणी. चावत नाही, रक्त पीत नाही, दिसायला पिसवेसारखा म्हणून बदनाम. यांच्या संसाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दिवस बरे असले की तळ्यात सगळ्या बायकाच. बाईला बाई होते, तिला बाई होते, नवऱ्याचं कुठे नाव नाही आणि कोणाचं काही अडत नाही. पाणी आटायला लागलं, गर्दी झाली, थंडी पडली, म्हणजे थोडक्यात घरात कटकटी सुरू झाल्या, की मगच पुरुष जन्माला घालतात. मग त्या बाईच्या पाठीवर एक काळपट, टणक डबी तयार होते आणि तिच्यात अंडी बसतात. पुढे बाई अंगावरची कात टाकते तेव्हा डबीही सुटते. कधी तरंगते, कधी चिखलात जाते. चिखल वाळो, भेगाळो, वर्षं जावोत, आतली अंडी ढिम्म. ताजं पाणी आणि उजेड मिळाला की फुटून पुन्हा उड्या सुरू.

या डबीला शब्दकोशात जो शब्द होता, तो टाइप करायला टायपिस्टबाईंनी साफ नकार दिला. साहेबांनी तो एकदा मनात वाचला आणि खाकरले. शेवटी ती पाठीवर बसते, आकारही तसाच, म्हणून यांनी अहवालात ‘खोगीर’ असं लिहिलं. त्या दिवसापासून ते खोगीरराव. साहेब तर त्यांच्या वार्षिक अहवालाला खोगीरभरती म्हणायचे आणि दरवर्षी त्याच विनोदाला स्वतःच हसायचे.

आता खोगीररावांची विद्या काय, तर नुसतं खोगीर बघून पिसू कुठल्या जातीची आणि कुठल्या पाण्यातली ते सांगायचं. जिवंत पिसवा एकमेकींसारख्या, वर एका जागी ठरत नाहीत. मेल्या की दोन दिवसांत लगदा. खोगीर मात्र टिकतं. जलशुद्धीच्या औषधातून टिकतं, नळातून टिकतं. पंपघरामागच्या तळ्यातल्या पिसवेच्या खोगिरात दोन अंडी उभी, पाठीच्या काठाशी काटकोनात, बसच्या रांगेतल्या माणसांसारखी. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय, तिथल्या पिसवेचीही दोनच, पण आडवी, काठाला धरून कललेली, भांडून एकाच पलंगावर झोपलेल्या नवराबायकोसारखी; आणि काठावर बारीक काटे. तिसरी एक छोटी जात, तिच्यात एकच अंडं. यात गोम अशी की अंडं गळून पडू शकतं. मग दोनवालीही एकवाली दिसते. म्हणून खोगीररावांचा नेम होता, अंडी मोजायची नाहीत, अंड्यांच्या खोल्या मोजायच्या. बिऱ्हाड उठून गेलं तरी खोली राहते.

हे सगळं गावात एकट्या त्यांना कळायचं, आणि कोणालाच त्याची गरज नव्हती.

मेहुणा खात्यातलाच. चावीवाला. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्याच्या हातात, त्यामुळे साहेबांपेक्षा त्याला सलाम जास्त. सगळे त्याला चावीदादा म्हणायचे. गडगडाटी हसणारा, पाठीत थाप मारणारा माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढला. फोटोवाल्याला “अजून सरका, अजून सरका” असं चावीदादांनीच सांगितलं. फोटो धुऊन आला तेव्हा खोगीरराव त्यात अर्धे होते. एक कान, अर्धी मिशी, एक डोळा. बाकीचा माणूस चौकटीबाहेर. जन्मभर मिलिमीटरमध्ये जगणाऱ्या माणसाला हे लागलं. चावीदादा म्हणाले, “अहो, त्यात काय, जो आलाय तो भाग चांगला आलाय!” तिथून अकरा वर्षं अबोला.

अबोला म्हणजे येणंजाणं बंद नव्हे. चावीदादा दर आठवड्याला बहिणीकडे चहाला येत. दोघे समोरासमोर बसत, मध्ये वहिनी.

“यांना विचार, साखर हवी का,” चावीदादा.

“त्याला सांग, मला डॉक्टरांनी बंद केलीय,” खोगीरराव.

“दादा, त्यांना बंद केलीय.”

“ऐकलं मी. कधीपासून, ते विचार.”

वहिनी म्हणायच्या, मला दोन तोंडं असती तर एक या कामाला दिलं असतं.

तर एका वर्षी नळाला पांढरे ठिपके यायला लागले. गाळणीत धरले तर मेलेले किडे, आणि त्यांच्यात काळपट कण. बायका गाळण्या घेऊन कचेरीवर आल्या. एकीने साहेबांच्या टेबलावर पेला ठेवला आणि म्हणाली, “प्या.” साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितलं की पेला लॅबमध्ये द्या.

पाण्याचा रस्ता असा. नदीवरून पाणी वाळूतून गाळून टेकडीवरच्या टाकीत, टाकीतून निघताना औषध, मग नळाला. टाकीचं झाकण तडकलं होतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवलं होतं, आणि नवीन झाकणाचा कागद साहेबांच्या टेबलावर दोन महिने होता, पेल्याच्या जागेच्या जरा डावीकडे. पण साहेबांना झाकण आठवलं नाही, त्यांना चावी आठवली. पंपघरामागच्या तळ्यातून टाकीकडे एक जुनी लाइन होती, वापरात नसलेली. तिचं चाक चावीदादांच्या ताब्यात. साहेबांनी लिहून टाकलं की पंप बंद असताना चावीवाल्याने आळसाने तळ्याची लाइन उघडली आणि तळ्यातले किडे टाकीत आले.

“ते चाक गंजून दगड झालंय!” चावीदादा ओरडले. “हत्ती बांधा आणि फिरवून दाखवा!”

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. बडतर्फ झाले असते तर पेन्शन गेली असती आणि क्वार्टरच्या दोन खोल्या रातोरात सोडाव्या लागल्या असत्या. घरी बायको गुडघ्यांनी जागेवर बसलेली, ती कुठे जाणार? चौकशीला वरच्या कचेरीतून एक बाई यायच्या होत्या. त्यांनी आगाऊ एकच कागद पाठवला. त्यावर छापील प्रश्न: किडे कोणते, कुठल्या पाण्यातले. उत्तर लॅबने द्यायचं.

संध्याकाळी वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, दादाचं तुमच्या हातात आहे.”

“माझ्या हातात नाही. खोगिरात आहे.”

“तळ्यातले नाहीत असं लिहा ना.”

“तळ्यातले असले तर?”

“अकरा वर्षं धरून ठेवलंय तुम्ही. एका कानासाठी.”

“अर्ध्या मिशीसाठी,” खोगीरराव म्हणाले. “कान आला होता.” मग, “जे दिसेल ते लिहीन.”

वहिनींनी उरलेली भाजी जोरात निवडली.

दुसऱ्या दिवशी अकराला पंप थांबला. टाकीच्या भिंतीवरून, पाण्याच्या रेषेपाशी चिकटलेली खोगिरं खरवडून आणली होती. पहिलं लावलं. एकच अंडं. पण खोल्या दोन. दुसरी खोली रिकामी, आणि आडवी. त्यांना वाटलं, खोगीर काचेखाली वाकडं बसलंय. सुईने फिरवलं. आडवीच. दुसरं लावलं, तिसरं लावलं. साडेअकरा वाजले, पंप सुरू झाला, सगळं थरथरायला लागलं. पुढचा अर्धा तास यायला दुसऱ्या दिवसाचे अकरा. खोगीररावांनी तोवर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी आणखी नऊ पाहिली. आडवी, आडवी, काठावर काटे. उभं एकही नाही.

म्हणजे तळं नव्हे. चावीदादा सुटले. खोगीररावांनी मान वर केली आणि, वहिनींना त्यांनीच नंतर सांगितलं, खरंच बरं वाटलं त्यांना. साधारण मिनिटभर.

मग त्यांनी विचार केला की खाणीतली पिसू टेकडीवर चढली कशी. नळाची लाइन खाणीकडे जात नाही. ओढा तिकडून येत नाही. खाणीत पोहायला बंदी, मासे नाहीत, वाट काटेरी, कोणी फिरकत नाही. एक माणूस सोडून. तो दर रविवारी सकाळी हौसेने जातो, जाळी बुडवतो, खोगिरं गोळा करतो आणि जाळी दोरीवर वाळत घालतो.

खात्याची जाळी वर्षाच्या सुरुवातीला उंदरांनी खाल्ली होती. नवीन जाळीचा अर्ज भांडारातून शेरा मारून परत आला होता: ‘कोणत्या जातीचे मासे पकडावयाचे आहेत, खुलासा व्हावा.’ खुलासा होईपर्यंत खोगीरराव टाकीचं पाणी तपासायला घरची, रविवारचीच जाळी वापरत होते. वहिनींनी पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेली. नेम असा होता की तळ्याची जाळी वेगळी, टाकीची वेगळी. जगात हा नेम मोडून चूक करू शकणारा माणूसही तोच, ज्याला तो नेम ठाऊक आहे.

घरी आले आणि थेट मोरीकडे गेले. जाळी पांढऱ्या पातेल्यात उलटी केली, शिवणीत ब्रशने घासली, पाणी ओतलं. वहिनी दारात.

“माझं पातेलं घेतलंत?”

पातेल्याच्या पाण्यावर काळे ठिपके तरंगत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि भिंग लावलं.

“काय आहे?”

“अकरा.”

“अकरा काय?”

“आडवी.”

“अहो, माणसासारखं बोला!”

“दादाने चाक फिरवलं नाही. मी आणले. या जाळीतून. रविवारी खाण, सोमवारी टाकी. बाटल्या मी उकळतो. जाळी उकळत नाही, कापड आटतं.”

वहिनी मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. जाळीची शिवण चाचपत म्हणाल्या, “शिवण दुहेरी घातली होती मी. पक्की राहावी म्हणून.”

“दुहेरी होती म्हणूनच राहिले,” खोगीरराव म्हणाले.

साहेबांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “किडे टाकीत पडले, ठीक. पण वाढले का? झाकण नव्हतं, उजेड होता, शेवाळ धरलं. असंच लिहावं लागेल ना तुम्हाला?”

“हो.”

“म्हणजे जाळी तुमची आणि झाकण माझं. दोघेही खड्ड्यात. त्यापेक्षा अंडी उभी करा.”

“ती आडवी आहेत.”

“अहो, उभी काय आणि आडवी काय! कागद जरा फिरवला की झाली उभी. कोणाला कळतंय?”

“मला.”

“तुम्ही सोडून!”

“मी सोडून कोणाला नाही.”

“मग झालं तर!” साहेब खूश झाले. त्यांना वाटलं पटलं.

चौकशी साडेअकराला ठेवली, हा साहेबांचा हिशेब की नुसता धांदरटपणा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. चौकशीबाई आल्या, बारीक अंगाच्या, पायात कापडी बूट. लॅबमध्ये साहेब, चावीदादा, खोगीरराव. बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाल्या, “हे नाचतंय.”

“पंप थांबवावा लागेल,” खोगीरराव म्हणाले.

“थांबवा.”

“बाई, गावाचं पाणी…” साहेब.

“गावाचं पाणी बघायलाच आलेय मी.”

पंप थांबला. एकदम इतकी शांतता झाली की साहेबांच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. खोगीररावांनी डाव्या बाजूला तळ्यातलं खोगीर लावलं, उजव्या बाजूला टाकीतलं. बाईंनी दोन्ही पाहिली, वेळ घेतला. “एकात उभी, एकात आडवी,” त्या म्हणाल्या. मग चावीदादांना, “तुम्हीही बघा, आरोप तुमच्यावर आहे.”

चावीदादांनी दोन्ही डोळे आलटून पालटून लावले. “मला माझ्याच पापण्या दिसतायत.”

“तळ्यातली नाहीत हे झालं,” बाई म्हणाल्या. “कुठली मग?”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खोगीररावांनी आडवी अंडी, खाण, रविवार, उंदीर, भांडाराचा शेरा, पडद्याचं कापड आणि पातेल्यातली अकरा खोगिरं हे सगळं एका सुरात सांगितलं, यादी वाचावी तसं. शेवटी झाकणाचंही सांगितलं. साहेबांचा चेहरा पंपासारखा थांबला.

“ही खोगिरं ओळखणारं गावात दुसरं कोणी?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे तुम्ही बोलला नसतात तर कोणालाच कळलं नसतं.”

“नाही.”

“मग बोललात का?”

खोगीररावांना प्रश्न कळला नाही. त्यांनी छापील कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. “इथे विचारलंय. कुठल्या पाण्यातले.”

चावीदादा निवृत्तीच्या तारखेलाच निवृत्त झाले, पूर्ण पेन्शनसह. साहेबांची बदली झाली, जरा वरच्या जागेवर, तसं होतंच. टाकी उपसून घासली, झाकण आठवड्यात बसलं. खोगीररावांना लॅबमधून काढून तक्रार नोंदवायच्या खिडकीत बसवलं. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांनी ‘पाणी कमी दाबाने येते’ हे वाक्य लिहिण्यात काढली. मायक्रोस्कोपवर निळा अभ्रा तसाच राहिला. नवीन माणूस आला त्याला अर्ध्या तासाची गोष्ट कोणी सांगितली नाही, आणि यंत्र बिघडलंय असा शेरा मारून त्याने ते कपाटात टाकलं. हे ऐकलं त्या दिवशी खोगीरराव जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. तक्रारखिडकीचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

चौकशीनंतर आठवड्याने चावीदादा चहाला आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. घसा साफ केला. “यांना सांग…” म्हणून सुरू केलं, तर वहिनी उठल्या आणि आत निघून गेल्या. कपबशांचाही आवाज केला नाही. निरोप न्यायला मध्ये कोणी नाही. दोघे भिंतीकडे बघत बसले. चहावर साय धरली.

“भाऊजी,” शेवटी चावीदादा म्हणाले, “जाळी तरी उकळायची होती.”

“कापड आटतं.”

“आटू द्यायचं.”

खोगीररावांनी विचार केला. “हो,” म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. पुढच्या आठवड्यात यापेक्षा थोडं जास्त झालं असावं.

राहिली कुजबुज. कचेरीच्या फळ्यावर तीन ओळींची सूचना लागली होती: किडे लॅब असिस्टंटच्या जाळीतून टाकीत गेले, चावीवाल्याचा दोष नाही. लोकांनी पहिला भाग वाचला, मेहुण्यांचा अबोला त्यांना पाठ होताच, आणि उरलेलं घरी जाऊन शिजवलं. कोणी तोंडावर विचारलं की खोगीरराव म्हणायचे, “हो, माझ्याच जाळीतून गेले.” विचारणारा ते शब्द घेऊन तडक न्हाव्याकडे जायचा.

खरं आहे ते इतकंच. किडे त्यांनीच नेले. नेताना त्यांना माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा त्यांनी सांगितलं.